कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब

फाल्गुन सरत आला की मावळातले डोंगर कोरडे पडतात, आणि नेमके तेव्हाच ते रंगात येतात. पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी करणाऱ्यांना या ऋतूची फारशी ओळख नसते. कुसगावच्या शिवारातून लोहगड-विसापूरच्या दिशेनं पाहिलं तर गवत वाळून पिवळं झालेलं असतं, ओढे आटलेले असतात आणि त्या पिवळ्या अंगावर काटेसावर, पांगारा आणि पळस लाल-केशरी ठिपक्यांसारखे उठून दिसतात. कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, ती दुरून फुलांसारखीच वाटते. अंजनीच्या फांद्यांना निळेजांभळे गुच्छ लगडतात. करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुलं येतात आणि त्यांचा वास उन्हं चढेपर्यंत टिकतो. पाणी नाही, सावली नाही, आणि तरी झाडांची ही उधळपट्टी चाललेली असते!

अलीकडे शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गावरून उतरून काही कुटुंबं मुद्दाम हे पाहायला येतात. पळसाखाली थांबतात, मोबाइल काढतात आणि पाच मिनिटांत पन्नास फोटो घेऊन पुढे जातात. यात वाईट काहीच नाही. पाहावंसं वाटलं, हेच मोठं. कादंबऱ्या लिहिणारा म्हणून मला यांच्यापैकी काही जण विचारतात की, इथे राहिल्यावर निसर्गातून प्रेरणा मिळत असेल ना? निसर्ग पाहिला की आत काहीतरी हलतं आणि लगेच कलाकृती जन्माला येते, असा एक गोड समज या प्रश्नामागे असतो. या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. हा माणूस एके काळी इथून जवळच, लोणावळ्यात, काम करून गेला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब फाळके.

चित्रपटमहर्षी म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. पण त्यांनी पडद्यासाठी सगळ्यात आधी जी गोष्ट जिवंत केली, ती सत्यवचनी राजाची नव्हती. ती कुंडीतल्या एका वाटाण्याची होती. त्या वाटाण्यापर्यंत पोहोचायला त्यांना आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षं लागली. ही वर्षं कशी गेली, ते पाहिल्याशिवाय त्या वाटाण्याची किंमत कळत नाही.

फाळक्यांचा जन्म ऐन वसंतातला, ३० एप्रिल १८७० चा. गाव त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. घरातल्या परंपरेप्रमाणे मुलानं शास्त्री व्हायचं, पण मुलाचा हात चित्रांकडे वळत होता. १८८५ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. सयाजीरावांच्या त्या बडोद्यात कलाभवन ही संस्था होती आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ तिचा प्रमुख होता. चित्रकला, मूर्तिकला, वास्तुकला, ब्लॉक बनवणं, जे समोर येईल ते फाळके शिकत गेले. १८९० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा विकत घेतला. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवून तीन रंगांचे ब्लॉक आणि फोटो-लिथोची विद्याही शिकवून आणली. एकाच माणसाच्या हातात चित्रकाराचा कुंचला आणि रसायनं मोजण्याचा तराजू, दोन्ही आले.

पण हुनर हाती आला म्हणजे पोट भरतंच असं नाही. फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा थाटला. तो सुरू झाला न झाला तोच प्लेगची साथ आली. १९०० च्या सुमारास त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ उघडला. तिथे वेगळंच विघ्न उभं राहिलं. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्यानं मरण ओढवतं, अशी समजूत लोकांत पसरली. ज्याच्या घरातली माणसं नुकतीच मरणानं नेली होती, त्याच्याच कॅमेऱ्यावर हा आरोप! गिऱ्हाईक येईनासं झालं. धंदा बसला.

मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून, आपल्याच आडनावातली अक्षरं उलटीपालटी करून प्रोफेसर केल्फा या नावानं जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू गिरिजा करंदीकर, सासरचं नाव सरस्वती. या बाईंचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे ते पुन्हा येणार आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, संसाराला स्थैर्य. पण वंगभंगाच्या त्या दिवसांत स्वदेशीचं वारं जोरात होतं. फाळक्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला.

लोणावळंच का? पुण्याकडे जाताना लोणावळ्याच्या पुढचंच स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला चित्रांचा छापखाना शतक बदलण्याच्या सुमारास या मळवलीला आला होता. १९०३ मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती मळवलीच्या कौलारू छपराखाली, दगडावरून कागदावर उतरत होती. फाळक्यांचा एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स हा कारखाना या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम करून देई.

या कामाकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. शिळाछपाईत एक चित्र एका दमात छापलं जात नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. पहिल्यांदा पिवळा, तो वाळला की लाल, मग निळा, असे एकावर एक रंग चढत जातात. कागद केसभर सरकला तरी लक्ष्मीचा ओठ गालावर जातो. अर्धं काम होईपर्यंत समोर काय दिसतंय, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. शेवटचा रंग बसला की मगच चेहरा उजळतो. मावळात वसंत जेव्हा डोंगराला एकेक रंग चढवतो, तेव्हा फाळके आपल्या कारखान्यात तेच काम दगडांवर करत होते. इथला पळस त्यांच्या नजरेतून सुटला असेल, असं मला वाटत नाही. पण त्यांच्या पुढच्या आयुष्यात उपयोगी पडली ती सवय पळसाची नसून दगडाची होती. थोडं थोडं काम करायचं, जागा हलू द्यायची नाही, आणि शेवट होईपर्यंत दम धरायचा.

पुढे हा छापखाना दादरला गेला, नवे भांडवलदार भागीदार आले आणि त्याचं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रसामग्री घेऊन आले. कामाची वाहवा झाली. मग भागीदारीत खटके उडू लागले. भागीदारी कशी मोडते, याचे कागद मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक जण निदान आपला वाटा तरी घेऊन उठतात. फाळके रिकाम्या हातानं उठले. वय चाळिशी उलटलेलं, पदरी बायको-मुलं, आणि हातात कामच नाही.

अशा अवस्थेत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण चालू लागले. ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे, आणि ती एखाद्या वीज चमकण्यासारखी सांगितली जाते. पण त्या क्षणानंतर काय झालं, ते शाळेत कुणी सांगत नाही. फाळके घरी आले आणि अभ्यासाला लागले. मिळतील ती चित्रपटविषयक पुस्तकं, यादीपत्रकं मागवली. एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे घेऊन रात्र-रात्र प्रयोग केले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेला वेळ ते कसे बनतात याचा विचार करायचा, असा क्रम महिनोन्‌महिने चालला. झोप उडाली, डोळ्यांवर ताण आला आणि एके दिवशी दिसेनासंच झालं. डॉक्टर प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली. पाहण्यावरच ज्याचा सगळा डाव लागलेला, त्याचेच डोळे जाऊन परत आले होते.

आता परदेशात जाऊन यंत्र आणायला हवं होतं. त्यासाठी फाळक्यांनी आपल्या बारा हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. त्या काळात दहा हजार म्हणजे मुंबईत एखादं कुटुंब वर्षानुवर्षं सुखानं जगेल एवढी रक्कम. विमा हा आपण नसताना बायको-मुलांच्या पोटाला व्हावा म्हणून काढलेला असतो. तोच गहाण पडला. १ फेब्रुवारी १९१२ ला ते विलायतेला निघाले. लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली म्हणून ते आत शिरले. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आणि मग त्यांची तळमळ पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांची सोय करून दिली. पंधरवड्यात फाळक्यांनी पाहायचं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र खरेदी केलं, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली, आणि चैत्राच्या सुमारास ते दादरला परत आले.

यंत्र आलं, पण पैसे संपले. आता चित्रपट काढायला भांडवल हवं. बँकेत असताना मी कर्जाचे किती अर्ज वाचले, याची गणती नाही. सावकार असो की बँक, प्रश्न तोच असतो. धंदा कोणता, तो याआधी कुणी केला आहे का, आणि बुडाला तर वसुली कशातून करायची? फाळक्यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं निराशाजनक होती. या धंद्यात स्वतःच्या हिमतीवर उभा असलेला माणूस आजूबाजूला दाखवता येत नव्हता. विमा आधीच गहाण होता. आणि अर्जदाराचा पूर्वेतिहास म्हणाल, तर बसलेले दोन स्टुडिओ, सोडलेली सरकारी नोकरी आणि मोडलेली भागीदारी. अशा फायलीवर कुठला अधिकारी काय शेरा मारेल, हे सांगायला नको.

फाळक्यांनी आधी घरातल्या माणसांना आणि मुलांना समोर उभं करून कॅमेरा तपासला. चित्रं उमटत होती, हलत होती. पण हलणारी माणसं मुंबईकरांनी १८९६ पासून पाहिली होती, त्यात नवं काही नव्हतं. म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर तो महागाचा कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ तो तिथून हलवलाच नाही.

हिशेब करायची माझी खोड जुनी आहे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडद्यावरून जात. मिनिटभराच्या दृश्याला हजाराच्या आसपास चित्रं लागतात. ती महिन्याभरात वाटली तर दिवसाला तीस-बत्तीस होतात. म्हणजे दिवसभरात पुन्हा पुन्हा कुंडीपाशी यायचं, हँडल जरासंच फिरवायचं आणि निघून जायचं. मधल्या वेळात कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये. घरात लहान मुलं. कुंडी जागची हलता कामा नये. पाणी घालायचं, पण माती उडता कामा नये. एका चुकीनं पंधरा दिवसांचं काम मातीमोल होणार. आणि घरातली एकुलती एक कमावू शकेल अशी वस्तू, तो कॅमेरा, महिनाभर वाटाण्यासमोर अडकून पडलेला! शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा माणूस कसा दिसला असेल, याची कल्पना करून पाहा.

कल्पना तशी जगात त्यांच्या एकट्याची नव्हती. लंडनमध्ये शिक्षण खात्यातल्या पर्सी स्मिथ नावाच्या कारकुनानं उमलत्या फुलांची अशीच चित्रं टिपली होती आणि ती १९१० मध्ये लोकांना दाखवली गेली होती. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू त्याच काळात वनस्पतींचे प्रतिसाद मोजणारी नाजूक यंत्रं घडवत होते. झाड स्थिर आहे असं आपल्याला वाटतं, कारण त्याचा वेग आपल्या नजरेच्या सवयीत बसत नाही. वाटाण्याचा कोंब सरळ वर येत नाही. तो वाकलेल्या मानेनं माती ढकलतो, मग मान ताठ करतो. शेंडा उजेडाच्या शोधात घुटमळत, लहानशी वर्तुळं घेत चढतो. ताणे हवेत चाचपडतात आणि आधार सापडला की त्याला गुंडाळून घेतात. हे सगळं आपल्या खिडकीत घडत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. फाळक्यांच्या फिल्ममध्ये पेरलेल्या दाण्याचा अंकुर आणि अंकुराचा वेल मिनिटभरात होत होता. 'अंकुराची वाढ' या नावानं ती फिल्म ओळखली जाते.

वाटाणाच का, याचा मी बराच विचार केला आहे. व्यवहाराच्या बाजूनं पाहिलं तर वाटाणा स्वस्त, लवकर उगवणारा, आणि वेल असल्यामुळे पडद्यावर ज्याची धाव दिसेल असा. त्याला पगार द्यावा लागत नाही, तो रुसत नाही. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. बडोद्यात ज्या माणसाच्या कॅमेऱ्यावर जीव शोषण्याचा आळ आला, त्याच माणसाच्या कॅमेऱ्यासमोर महिनाभर बसूनही वाटाण्याचं काही बिघडलं नाही, उलट तो वाढला. प्लेगनं घर रिकामं केलेल्या, धंद्यातून रित्या हातानं उठलेल्या, डोळे जाता जाता वाचलेल्या माणसानं आपलं पहिलं दृश्य म्हणून वाढ हा विषय घ्यावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही. त्यांनी असा काही विचार केला होता, असा दावा मी करत नाही. पण माणसाचा हात कधी कधी डोक्याच्या आधी निवड करतो, हे कुठलाही लिहिणारा कबूल करेल.

फाळक्यांनी ही फिल्म निवडक लोकांना दाखवली. त्यांतल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दर्शवली. त्या मिनिटभरात त्यांनी काय पाहिलं असेल? धनकोला हवी असलेली एक गोष्ट कुठल्याच कागदावर येत नाही. ती म्हणजे हा माणूस हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत नेईल की नाही. वाटाण्याची ती फिल्म म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर होतं. तिच्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे फाळके पुन्हा एकदा उठून कुंडीपाशी आल्याची नोंद होती. इतका चोख हिशेब मी कुठल्या खातेवहीत पाहिलेला नाही.

त्या कर्जाला जोड द्यायला सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. दागिने देण्यावर त्यांचं काम संपलं नाही, तिथून ते सुरू झालं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत, ती घरी, अंधारात, मापात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायनं कालवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. तारामतीची भूमिका त्यांनी करावी असं पुढे आलं तेव्हा त्यांनी नकार दिला. त्या जर कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या, तर बाकीचं सगळं कुणी केलं असतं? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके नावाचे, उपाहारगृहात काम करणारे नाजूक हातांचे गृहस्थ. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

वाटाण्याची शिकवण फाळके विसरले नाहीत. आगकाड्या स्वतःहून हलताहेत असं दाखवणारी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी अशीच एकेक चित्र घेऊन केली. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार लोकांनी तोंडात बोट घालून पाहिले. त्या चमत्कारांमागे केल्फाची हातचलाखी होती आणि कुंडीसमोर बसलेल्या माणसाचा धीरही होता. मधल्या काळात ते आपल्या मावळातही कॅमेरा घेऊन आले होते. पैसा-पैसा वर्गणी जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना त्यांनी छोट्या माहितीपटात टिपला. लोणावळ्यात छापखाना चालवणारा माणूस काही वर्षांनी शेजारच्या तळेगावात कॅमेरा घेऊन येतो, तेव्हा त्यानं मध्ये केवढं अंतर कापलेलं असतं!

शेवट मात्र गोड झाला नाही. १९१८ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, तिथेही भागीदारांशी मतभेद, मध्येच सगळं सोडून काशीला जाऊन राहणं, तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिणं, पुन्हा परत येणं, असं चालत राहिलं. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना उठला. १९३७ मध्ये, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. चित्रपटांनी अनेकांना श्रीमंत केलं, त्यात ते नव्हते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

प्रेरणेच्या प्रश्नाचं उत्तर मला या आयुष्यात दिसतं ते असं. फाळक्यांनी पडद्यावर ख्रिस्त पाहिला, ती ठिणगी होती. ठिणग्या पुष्कळांच्या वाट्याला येतात. आपल्यालाही वसंतातला पळस पाहून क्षणभर काहीतरी वाटतंच. ते वाटणं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रंग उतरल्यावर, शेंगा धरल्यावर पुन्हा पाहायला जाणाऱ्याजवळ टिकतं. निसर्ग देतो ते एका फेरीत नेता येत नाही.

घरात मुलं असतील त्यांच्यासाठी एक सुचवतो. कडधान्याला मोड आणणं आपल्या स्वयंपाकघरात नवं नाही. रात्री वाटाणे भिजत घालावेत, सकाळी कुंडीत पेरावेत. कुंडी खिडकीत एकाच जागी ठेवावी. मोबाइल टेकवायला एक वीट लावावी, म्हणजे रोज तो त्याच ठिकाणी येईल. शाळेत जाण्याआधी एक फोटो, आल्यावर एक, दिवेलागणीला एक. महिनाभर एकही दिवस चुकवायचा नाही. फाळक्यांना जे विमा गहाण ठेवून करावं लागलं, ते आज घरात फुकट होतं. महिन्यानं सगळे फोटो एकामागून एक भराभर पाहावेत. वेल डोळ्यांसमोर चढताना दिसेल, आणि मुलांना आपण तीस दिवस काय करत होतो ते कळेल. फक्त एक करावं, दाणे मूठभर पेरावेत. सगळेच उगवतात असं नाही.